यंत्रमाशीचा नाच

मामा : तुमच्या त्या ग्रुपवर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण घे लिहून. शेजारच्या काचघरात परागीकरणासाठी ठेवलेली यंत्रमाशी माझ्या मधपेटीत शिरली आणि घरजावयासारखी मुक्कामच ठोकून बसली!

भाची : मामा, थट्टा नको. ती काचघरवाली कंपनी आता उघड्यावर असल्या यंत्रमाश्यांचे थवे सोडणार आहे. त्यावर सरकारी सुनावणी आहे, आज संध्याकाळपर्यंत ग्रुपची हरकत जायला हवी, त्यात मधमाश्या पाळणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं हवंय. मागे कुणीतरी खोटा फोटो टाकला आणि आमचं हसं झालं.

मामा : अगं, डोळ्यांनीच तर पाहिलं! मधमाशीला फुलं सापडली की ती नाचून बाकीच्यांना दिशा सांगते ना? तर ही बयाही नाचायला लागली.

मामी : आता बयेला कंबरही फुटली.

मामा : मधे बोलू नकोस गं. ही नाचली आणि अख्खं मोहोळ निघालं. कुठं? गाड्या चार्ज करतात ना, त्या खांबावर! दिवसभर बिचाऱ्या खांबाला लोंबकळल्या.

भाची : तुम्ही तिथवर गेलात?

मामा : पळत!

मामी : गुडघा कुणाचा नेलात?

भाची : मामा, हे टाकलं तर लोक धडाधड पुढं पाठवतील. आणि सुनावणीत कंपनीचा वकील पहिलं हेच वाचून दाखवेल. मग आमचं खरंही कुणी ऐकणार नाही.

मामा : आणि ‘काय झालं ते ठाऊक नाही’ असं टाकलंस तर? त्याला कुणी अंगठासुद्धा देत नाही.

भाची : न देऊ देत. आमचं म्हणणंच तेवढं आहे. ठाऊक नाही, म्हणून आधी तपासा, मग सोडा.

मामा : …हे मात्र बरं बोललीस.

भाची : मग चला, पेटी उघडा. जे दिसेल तेवढंच रेकॉर्ड करते.

मामा : आत्ता? छे! या वेळी चिडलेल्या असतात. फोडून काढतील तुला.

(मामी हातातलं काम खाली ठेवते.)

मामी : कोण फोडून काढेल, अहो? पोरीला खरं सांगा की. माश्या गेल्या सगळ्या. कशानं गेल्या, ते यांनाही कळलं नाही गं. रोज सकाळी रिकाम्या पेटीला कान लावून बसतात नुसते.