मापांची वही

पुतणी : पाच महिने, आत्या. बाबा फेब्रुवारीतले, तू त्याच वर्षीच्या जुलैतली. शाळेच्या दाखल्यांवर दोघांची आई एकच. हे कसं काय?

आत्या : शाळेतल्या कारकुनाला विचार. खरडलं असेल काहीतरी घाईत. ते टाचण्यांचं डबडं सरकव इकडे.

पुतणी : तो कारकून जाऊन चाळीस वर्षं झाली. रविवारी सगळे नातेवाईक जमणार, वंशावळीचा तक्ता भिंतीवर लागणार, आणि तुम्हा दोघांच्या चौकटी अजून कोऱ्या आहेत.

आत्या : त्यात काय एवढं? मला बाहेरून आणलं, हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत आहे. लिही तसं.

पुतणी : लिहिणारच होते. मग ही वही उघडली.

आत्या : आजोबांची? मापांची?

पुतणी : घरातल्या प्रत्येक माणसाला एकेक पान दिलंय त्यांनी. हे आजीचं. कंबर जानेवारीत अठ्ठावीस, एप्रिलमध्ये तेहतीस, जूनमध्ये अडतीस. जुलैत तू. म्हणजे तू आजीचीच.

आत्या : शिंप्याच्या घरात पोट लपवायची सोय नसते बघ.

पुतणी : आणि जानेवारीत अठ्ठावीस कंबर असलेल्या बाईला फेब्रुवारीत मुलगा कसा होईल?

आत्या : पुढचं पान पाहिलंस?

पुतणी : मावशीआजीचं. आजीची धाकटी बहीण त्या वर्षी इथे शिकायला होती ना? नोव्हेंबरात एकतीस, जानेवारीत छत्तीस. मग एकदम मे महिन्यात सव्वीस. आणि लग्न तर तिने कधी केलंच नाही.

आत्या : सगळ्यांनी मिळून खोटं बोलायचं ठरवलं, दाखलेसुद्धा तसे करून घेतले. पण चुकीचं माप लिहायला आजोबांचा हात काही धजला नाही.

पुतणी : तुला कधीपासून माहीत आहे?

आत्या : कपडा बेतायला शिकले तेव्हापासून. एकोणीस वर्षांची होते.

पुतणी : तरी गप्प? भांडण झालं की बाबा तुला 'आणलेली' म्हणायचे, तूच सांगितलंयस.

आत्या : म्हणायचा. सगळेच म्हणायचे. एक मूल बाहेरचं आहे अशी कुणकुण लागली, आणि ती मुलगीच असणार हे लोकांनी आपणहून ठरवून टाकलं. मुलगा कोण कशाला देईल?

पुतणी : आणि तू ऐकून घेतलंस.

आत्या : मला ऐकून घेता यायचं, कारण ते खरं नव्हतं. त्याला नसतं आलं.

पुतणी : मग आता काय लिहू?

आत्या : सांगितलं तेच. इतकी वर्षं त्याला कळलं नाही, आता सत्तरी ओलांडल्यावर कशाला? वही पेटीत ठेवून दे. आणि पुन्हा माळ्यावर चढू नकोस, शिडी डुगडुगते.

पुतणी : माळ्यावर? ही बाबांच्या कपाटात होती, आत्या.

आत्या : कुठे?

पुतणी : कपाटात, स्वेटरांच्या खाली. मी दहावीत असल्यापासून तिथेच बघतेय. परवा मागितली तर म्हणाले, ने, पण आत्याला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नकोस.

(आत्या कात्री खाली ठेवते.)

आत्या : दहावीत होतीस तेव्हा.

पुतणी : हो. का गं?

आत्या : त्याच वर्षी तो मला ताई म्हणायला लागला. मी म्हटलं, अरे, पाच महिन्यांनी मोठा तू आहेस. तर म्हणाला, नाही, मोठी तूच.