काळ्या पडद्यामागचा आवाज

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या मावशींच्या कानावर शेजारच्या बहीण-भावाचं बोलणं पडत होतं.

"ताई, तुझा तो लिनक्सवाला कॉम्प्युटर सगळा पुसून टाकू या."

"थांब रे उतावळ्या. आई गेल्यावर तिचा रेकॉर्ड केलेला आवाज तेवढा त्यातच उरलाय."

"पण पडदा काळाठिक्कर."

"आईचं रेकॉर्डिंग चालू असताना पडदा गेला, तरी ती बोलतच होती. मग तीन बटणं एकदम दाबली, तर नुसत्या अक्षरांचा पडदा उघडला. चित्र दाखवणारा भागच तेवढा कोसळला होता. कालचं अपडेट मागे घेतलं, आणि सगळं जागेवर."

"म्हणजे आत सगळं जागंच होतं?"

"जागंच."

"आणि आई काय म्हणत होती?"

"तुझंच. 'त्याला म्हणावं, जरा धीर धर.'"

मावशींचा नंबर दोनदा पुकारला गेला. त्या बसूनच होत्या.