कोट उतरवताना

आदरणीय अध्यक्ष मधुकरराव झाडे, व्यासपीठावरील आपल्या वाचनालयाचे सचिव वासुदेवराव भोयर सर, ज्यांना आज निरोप द्यायचा आहे त्या आमच्या शिक्षिका ज्योत्स्ना मॅडम, आपल्या संगणक केंद्रातली सगळी मुलंमुली, आलेले पालक, आणि मागच्या रांगेत पंख्याखाली बसलेल्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी "पाच मिनिटांचंच काम आहे" असं सांगून आणलं आहे. तुम्हा सर्वांना नमस्कार.

मी रुख्मिणी धोटे. सेलूतच बाजाराच्या रस्त्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. शिक्षण नववीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते भोयर सरांच्या वाचनालयातून आणून वाचलं. सर, दोन पुस्तकं अजून माझ्याकडेच आहेत. हे मीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही आभाराच्या वेळी सांगाल.

विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायला मला उभं केलं, कारण या वर्गात माझं वय सगळ्यांत जास्त आणि चुकाही सगळ्यांत जास्त. डिजिटल डिझाइनच्या वर्गात शेहेचाळीस वर्षांची बाई काय करत होती, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडला असेल. माझ्या शेजारी बसणाऱ्या दिपालीने तो पहिल्याच दिवशी विचारला होता. म्हणाली, "काकू, तुम्ही मुलीले सोडायले आल्या का?" मी म्हटलं, "नाई वं, मीच आली. सरक तिकडे."

तर मी काऊन आले, ते सांगते. तेच सांगितलं की मॅडमविषयी जे बोलायचं आहे तेही सांगून होईल.

माझे पती कैलास धोटे वीज खात्यात लाइनमन होते. मागच्या वर्षी ते गेले. सकाळी छातीत दुखतं म्हणाले आणि सेवाग्रामच्या वाटेवरच संपले. तेरवीच्या आधी घरच्यांनी घाईने एका स्टुडिओतून त्यांचा फोटो करून आणला. हाराचा, फ्रेमचा, मोठा. तुम्ही असे फोटो घरोघरी पाहिले असतील. गेलेल्या माणसाला कोट घालतात, टाय बांधतात, मागे निळा पडदा लावतात. यात स्टुडिओवाल्याचाही दोष नाही. लोकच मागतात. माणूस गेल्यावर तरी रुबाबात दिसावा, असं वाटत असेल.

पण आमच्या ह्यांनी जन्मात कोट घातला नव्हता. लग्नातसुद्धा नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला टेस्टर आणि वरचं बटण उघडं. त्यांचा एकही शर्ट बाजारातला नव्हता. बावीस वर्षं मीच शिवले.

तो फोटो भिंतीवर लागला, तेव्हा सासूबाई, म्हणजे लीलाबाई, समोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा माहा पोरगा नोहे. हा कोणी साहेब व्हय." आणि त्यांनी हार घालायला नकार दिला. लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मला मात्र वाटलं, या घरात एवढं एकच माणूस खरं बोललं.

त्या दिवसापासून सासूबाई त्या भिंतीकडे पाठ करून बसायच्या. जेवायलाही तशाच. मी ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत तो कोट उतरवायचा. स्टुडिओत जाऊन म्हटलं, तर तो म्हणाला, "ताई, कोटाशिवाय कोणी फोटो नेत नाई. गबाळा वाटते माणूस." मग मी विचारलं, हे तुम्ही कशावर करता? त्याने संगणकावरच्या त्या प्रोग्रामचं नाव सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी या केंद्रात येऊन नाव नोंदवलं.

आता मॅडमचं सांगते.

सुरुवातीला मी माउस हातात घेऊन नुसती बसून राहायची. दिपाली म्हणायची, "काकू, क्लिक करा न!" पण मी शिवणकाम करणारी बाई. आम्ही चार वेळा मोजतो आणि एकदा कापतो. कात्री चालली की चालली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काकू, इथं कापड वाया जात नाही. चुकलं तर मागे जाता येतं." त्यांनी मला अन्डू दाखवलं. मला सांगा, ज्या बाईला गेलेलं काहीच मागे आणता आलं नव्हतं, तिला दोन बटणं दाबून मागे जाता येतं म्हटल्यावर काय वाटेल? मी त्या दिवशी वीस वेळा एक चौकोन काढला आणि वीस वेळा पुसला. दिपालीला वाटलं, मला समजलं नाही. मला चांगलं समजलं होतं.

पण सगळ्याच गोष्टी मागे जात नाहीत, हेही मी याच खुर्चीवर शिकले.

झालं असं. मॅडमनी स्वतः त्या स्टुडिओत फोन करून ह्यांच्या फोटोची मूळ फाइल मागून घेतली. पेनड्राइव्ह मिळाला. स्टुडिओवाल्याने देताना सांगितलं, की माझ्याकडचं जुनं मी काढून टाकलं, आता हे सांभाळा. मला घाई झाली होती. मॅडम यायच्या आधीच मी फाइल उघडली. तुम्हाला माहीत आहे, डिझाइनमध्ये एकावर एक लेअर असतात, पारदर्शक कागद ठेवल्यासारखे. बाजूला त्यांची यादी दिसते आणि प्रत्येकासमोर एक डोळा असतो. डोळा बंद असला की तो कागद दिसत नाही. त्या यादीत पाच-सहा डोळे बंद होते. आता आम्ही दुकान बंद करताना आधी कातरण झाडतो. जे कामाचं नाही ते खाली राहू द्यायचं नाही, ही माझी तीस वर्षांची सवय. मी ते सगळे बंद डोळ्यांचे कागद एकेक करून काढून टाकले. जागा स्वच्छ झाली. सेव्ह केलं, फाइल बंद केली आणि मॅडमची वाट पाहत बसले. मनात म्हटलं, मॅडम शाबासकी देतील.

मॅडम आल्या. फाइल उघडली. म्हणाल्या, "काकू, सगळ्यात खालचा लेअर कुठे आहे?"

मी म्हटलं, "कचरा होता, झाडला."

त्यांनी लेअरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग हळूच सांगितलं. स्टुडिओवाला मूळ फोटो फेकत नाही. तो खाली ठेवतो, त्याचा डोळा बंद करतो आणि वर कोट चढवतो. म्हणजे त्या कोटाखाली इतके दिवस ह्यांचा स्वतःचा शर्ट होता. एक डोळा उघडला असता, तर दिसला असता. ज्याच्यासाठी मी आले होते, तेच मी झाडून टाकलं होतं.

दुसरीकडे कुठे तो फोटो होता का? होता. माझे दीर मुकेशभाऊ, त्यांच्या मोबाइलमध्ये. तो मोबाइल दिवाळीतच मोटर चालू करताना विहिरीत गेला होता.

मी तिथेच रडले. वर्गासमोर. ह्यांच्या तेरवीलाही मी रडले नव्हते. दिपाली घाबरली आणि पाणी आणायला पळाली. मॅडमनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, "होतं असं" म्हटलं नाही. त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काकू, चेहरा तर आहे न आपल्याकडे?"

"आहे."

"त्यांचे शर्ट कोण शिवायचं?"

"मी."

"मग शिवा."

वर्षश्राद्धाला बारा दिवस होते.

पेटीत ह्यांचा एक बदामी शर्ट ठेवला होता. मी तो मुकेशभाऊंना घालायला दिला. ते म्हणाले, "वहिनी, मले भावाचा शर्ट घालून कायले उभं करून राह्यली?" मी म्हटलं, "उभे राहा, हालू नका." दिपालीने तिच्या मोबाइलवर फोटो काढला. आम्ही तो ह्यांच्या चेहऱ्याखाली बसवला. मॅडमनी कडा कशा कापायच्या ते दाखवलं, गळ्याची सावली कशी टाकायची ते दाखवलं. बसला. पण बसला नाही. मला ते ह्यांचे वाटेनात.

मग लक्षात आलं. मुकेशभाऊंचे खांदे सरळ आहेत. ह्यांनी तीस वर्षं उजव्या खांद्यावरून शिडी वाहिली. तो खांदा अर्धा इंच खाली उतरला होता. मी शर्ट बेततानाच उजवी बाजू अर्धा इंच उतरती कापायची. हे बाहेरच्या कोणाला दिसायचं नाही. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी खांदा कसा वाकवायचा ते दाखवलं आणि त्या बाजूला झाल्या. माउस माझ्याच हातात होता. खांदा उतरवला, आणि माणूस समोर आला.

मग खिशाला टेस्टर लावला. वरचं बटण उघडं ठेवलं. मागचा निळा पडदा काढून साधी भिंत ठेवली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तो फोटो पाटावर मांडला. पाहुणे बसले होते. सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्या वाकून पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "किती खेप सांगतलं याले, वरची गुंडी लाव म्हणून! पाव्हने आले तरी तसाच." आणि हार घातला.

सासूबाई, मला ठाऊक आहे, पाच मिनिटं कधीच होऊन गेली. संपवते.

मॅडम, आता माझ्या दुकानात मशीनशेजारी एक संगणकही आला आहे. मागच्या महिन्यात सिंदीच्या आनंदाबाई त्यांच्या आईचा फोटो घेऊन आल्या. स्टुडिओने आईला पैठणी नेसवली होती. मी विचारलं, "माय काय नेसायची?" म्हणाल्या, "हिरवं लुगडं. काठ फाटला होता वं त्याचा." मी विचारलं, "फाटलाच ठेवू?" त्यांनी फोटोतल्या पैठणीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ठेव." गेलेल्या माणसाला मी कोट घालणार नाही. मागणारे परत गेले तरी चालेल. आणि बंद डोळ्याचा एकही कागद आता विचारल्याशिवाय झाडत नाही.

तुम्ही अमरावतीला मोठ्या जागी चालल्या आहात. जा. तिथेही एखादी बाई माउस हातात घेऊन नुसती बसलेली दिसेल. तिच्या हातातून तो घेऊ नका, एवढंच मागणं आहे. माझ्या हातातून तुम्ही एकदाही घेतला नाही.

वर्गातर्फे शाल-श्रीफळ आहेच. ही पिशवी माझ्याकडून. कुर्ता आहे. माप तुम्हाला न विचारता, सहा महिने मागून-पुढून पाहून घेतलं आहे. घट्ट झालाच, तर आत दोन्ही बाजूंना अर्धा इंच कापड दाबून ठेवलं आहे, उसवून वाढवता येईल.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, याबद्दल मी आभारी आहे. भाषणाची सवय नाही. कुठे कमीजास्त बोलले असेन, तर घरचं माणूस समजून सांभाळून घ्या. भोयर सर, पुस्तकं सोमवारी आणते.