गाडी लूज नव्हती

मी नागपूरचा, ताई. वडील गिरणीत होते, मी आयटीआयला फिटर झालो आणि एसटीच्या वर्कशॉपला लागलो, तिथं गाड्यांखाली झोपून अर्धी जवानी गेली, आणि मग बायकोच्या भावानं स्पॉन्सर केलं म्हणून इकडं आलो, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला, कॅरी नावाच्या गावात. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम मिळालं, ती लवकर रुळली. आणि मी, काय सांगू तुम्हाला, इथं ज्याला विचाराल तो कॉम्प्युटरवाला नाही तर डॉक्टर. पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलो की कोणीतरी विचारायचं, काका तुम्ही कशात आहात, मी म्हणायचो गाड्यांमध्ये, ते म्हणायचे हो का, डिझाइनमध्ये का. मी म्हणायचो नाही, ऑइलमध्ये. मग ते भाताकडं वळायचे.

गावाबाहेर पाऊण तासावर लॉनीचं गॅरेज, तिथं मी लागलो. लॉनी म्हणजे मालक, माझ्याहून थोडा मोठा, उंच, कमी बोलणारा गोरा माणूस. माझं नाव माणिक, त्यानं पहिल्याच दिवशी मॅनी केलं, मी म्हटलं चालते. त्यानं मला कागद विचारले नाहीत, सर्टिफिकेट विचारलं नाही, एक बेअरिंग हातात दिलं आणि म्हणाला हे ऐकून बघ. मी फिरवून म्हटलं गेलंय. तो म्हणाला उद्यापासून ये. त्या माणसाबद्दल मी वाईट ऐकून घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यात तुम्हाला वाटेल की हा तक्रार करून राहिला.

तर गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये त्याची रेसची गाडी होती. लेट मॉडेल म्हणतात, पण मॉडेल वगैरे काही नाही, आत लोखंडी पाइपांचा सांगाडा, वरून पत्रा, पुढून चपटी मागून उंच, आणि इंजिन असं की चालू केलं की छातीत हलते. मातीच्या गोल ट्रॅकवर पळवतात, डावीकडं वळत राहायचं, बस. दर शनिवारी. लॉनीचे वडील त्याच ट्रॅकवर मोठी रेस जिंकलेले, आणि लॉनीलाही ती एकदा जिंकायची होती, एकदाच. तो बोलायचा नाही हे, त्याची बायको डॉटी बोलायची. म्हणायची, मॅनी, एकदा जिंकला की हा निजेल नीट. मलाही ते पाहिजे होतं, खोटं काहून बोलू, कारण आठवडाभर मी लोकांच्या व्हॅनचं ऑइल बदलायचो आणि शनिवारी त्या गाडीचा मेकॅनिक म्हणून मी कोणीतरी होतो.

आता त्या मातीचं ऐका. संध्याकाळी पाणी मारलेलं असते, माती चिकट असते, चाक धरून ठेवते. छोट्या रेस होतात तोवर ठीक, त्यात लॉनी नेहमी पुढं असायचा, लोक उभे राहून बघायचे. मोठी रेस शेवटी. तोवर माती वाळते, घासून घासून काळी होते, तव्यासारखी चकचकीत. त्याला स्लिक म्हणतात. त्याच्यावर जोर लावला की चाक नुसतं फिरते, गाडी जात नाही. आणि तिथं लॉनी मागं पडायचा. दर वेळी. पुढून सुरू करायचा आणि शेवटाला कुठंतरी मधात, नाही तर आडवा होऊन भिंतीकडं तोंड करून उभा.

गाडीतून उतरला की हेल्मेट काढून म्हणायचा, लूज आहे. लूज म्हणजे मागची बाजू निसटते, शेपूट बाहेर जाते. तिथली रीत अशी की ड्रायव्हर जे सांगेल ते खरं, कारण आत तो बसलेला असतो, तुम्ही नाही. मेकॅनिकनं वाद घालायचा नाही. आणि मी एसटीतला माणूस, ड्रायव्हरनं रजिस्टरात काय लिहिलं ते बघून पाना उचलायचा हीच सवय. तर मी शेपूट धरायला लागलो. मागं मऊ रबराची टायरं घातली, रबराला बारीक चिरा पाडल्या, हवा कमी केली, मागच्या उजव्या बाजूची स्प्रिंग मऊ केली, शिशाचे ठोकळे मागं सरकवले, डावं मागचं चाक जमिनीत रुतेल इतकं वजन त्याच्यावर आणलं. पुढच्या शनिवारी लॉनी उतरला आणि म्हणाला, अजून लूज आहे, जास्तच. मी अजून घट्ट केली. अजून लूज. असे सीझन गेले, ताई, एक नाही, किती ते मी मोजत नाही आता. सुनंदा म्हणायची, त्या गाडीला वेळ देता तेवढा घराला द्या. बरोबर म्हणायची.

मग एका शनिवारी आमच्या नेहमीच्या जागेवर गर्दी होती, म्हणून मी वळणाच्या तोंडाशी, आतल्या बाजूच्या जाळीला जाऊन उभा राहिलो. तिथून गाडी समोरून येताना दिसते. इतकी वर्षं मी काय बघायचो, शेपूट. सगळे शेपूटच बघतात, ती निसटते, माती उडते, डोळा तिकडंच जाते. त्या दिवशी मला पुढची चाकं दिसली. लॉनीनं स्टीअरिंग पूर्ण डावीकडं वळवलेलं, चाकं पार डावीकडं, आणि गाडी आपली सरळ भिंतीकडं चाललेली. वळतच नव्हती. मग तो आणखी वळवायचा, आणखी, आणि मधेच कुठंतरी पुढची चाकं एकदम माती धरायची, आणि झटक्यात शेपूट बाहेर. त्याच्या पाठीला काय जाणवणार, शेपूट. तो तेच सांगणार. पण दुखणं पुढं होतं. गाडी लूज नव्हतीच, ती टाइट होती, म्हणजे पुढून वळायलाच तयार नव्हती, आणि मी दर आठवड्याला तिला आणखी टाइट करून राहिलो होतो. आनंद व्हायला पाहिजे होता ना, सापडलं म्हणून. नाही झाला.

कारण उपाय काय, तर गाडी ढिली करायची. मागचं मोकळं सोडायचं, म्हणजे ती वळणात शिरतानाच हलकी शेपूट टाकेल, आपणहून वळेल, आणि ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून शांत बसून राहायचं, घाई नाही, झटका नाही. लॉनीला नेमकी त्याचीच भीती होती. आदल्या एका वर्षी तो शेपूट निसटून भिंतीवर आदळला होता, खांदा तेव्हापासून दुखायचा. भीती हा शब्द त्यानं कधी काढला नाही, मीही नाही. सोमवारी शेडमध्ये मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, कर तुला करायचं ते.

केलं. त्या शनिवारी पहिल्याच वळणात तो गाडीसकट गर्रकन फिरला. परत सुरू केलं, परत फिरला. उतरला आणि म्हणाला, होती तशी कर. चिडून नाही हो, विनंती केल्यासारखं म्हणाला. मी म्हटलं लॉनी, अजून दोन-चार शनिवार दे, पायाला सवय होईल. तो म्हणाला खांदा दुखतो, पुढच्या वेळी रॉजरला बसव, बघू तुझं खरं आहे का.

हा रॉजर आठवडाभर शाळेची बस चालवायचा. जाडा, हसरा, मुलं ओरडत असताना शांत बसायची सवय असलेला माणूस. मी गाडीचा एक नट हलवला नाही. मोठी रेस आली, माती काळी पडली, आणि रॉजर त्या वळणात असा शिरायचा जसं घराच्या अंगणात गाडी लावून राहिला. एकेक गाडी मागं टाकत गेला. जिंकला, ताई. लॉनीची गाडी, लॉनीच्या वडिलांचा ट्रॅक, सगळे माझ्या पाठीवर थापा मारून राहिले, आणि मी जाळीकडं बघितलं तर लॉनी तिथं उभा, टाळ्या वाजवत होता. हळूहळू, सगळ्यांच्या नंतरही वाजवत होता. डॉटी त्याच्याकडं बघत नव्हती.

तो मला एक शब्द वाईट बोलला नाही. गाडी घेऊन आलो, धुतली, पुसली. मग त्याच आठवड्यात त्यानं ती रॉजरला विकून टाकली. रॉजर म्हणाला मॅनी तू पण चल गाडीसोबत. लॉनीही म्हणाला जा, तुझं तिकडं नाव होईल. मी नाही गेलो. सुनंदा म्हणाली काहून नाही जात, तुम्हाला तर तेच पाहिजे होतं. गेलो असतो तर दर शनिवारी जाळीपलीकडं तो टाळ्या वाजवताना दिसला असता, एवढं कळते.

आता आम्ही दोघं व्हॅनचं ऑइल बदलतो. शेडमध्ये गवत कापायची मशीन ठेवली आहे. शनिवारी तो लवकर बंद करतो आणि घरी जातो, आणि डॉटी म्हणते तो टीव्हीसमोर बसतो पण टीव्ही बघत नाही. परवा एका व्हॅनखाली आम्ही दोघं होतो, मी या बाजूनं, तो त्या बाजूनं, आणि तो एकदम म्हणाला, मॅनी, तू ते वळणाचं सांगितलं नसतंस तर मी अजून चालवत असतो. मी म्हटलं हो. तो म्हणाला, हरत असतो. मी म्हटलं हो. तो म्हणाला, पण चालवत असतो. मी नट आवळत राहिलो. गाडीचं दुखणं तेवढं मला कळते, बाप्पा.

रविवारी कॅरीला आम्ही आपली माणसं कोणाच्या तरी घरी बुद्धवंदनेला जमतो, पोरं मागं इंग्लिशमध्ये भांडत असतात, आणि शेवटी सगळ्यांचं मंगल होवो असं म्हणतो तेव्हा माझ्यासमोर पहिलं तोंड लॉनीचं येते. मी मनापासून म्हणतो, होवो. पण त्याचं मंगल कशात होतं, खरं कळण्यात की न कळण्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.