बदकाचा दुसरा पाय

(गिप्सलँडच्या डोंगरातलं एक शेतघर. हिवाळ्यातली सकाळ, बाहेर दाट धुकं. म्हातारा क्लॅरी आणि त्याची सून ब्रॉन्विन स्वयंपाकघरात खेळण्यांचं खोकं भरताहेत.)

ब्रॉन्विन : …आणि ते बदक, पॉप. मंगळवारपासून सांगतेय. एक तर त्याचा तुटलेला पाय बसवा, नाहीतर तेही चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊ दे.

क्लॅरी : बसवतो गं. सरस तापवायचाय.

ब्रॉन्विन : मंगळवारीही सरसच तापवायचा होता.

क्लॅरी : घाईनं तापवलेला सरस रुसतो, चिकटत नाही. आणि बदक देणार असशील तर मीही बसतो खोक्यात. माझ्यावरही किंमत चिकटव. अगं, त्या बदकानं तुझ्या नवऱ्याला चालवलं! रीस उभा राहायचा आणि धपकन बसायचा. मी बदकाची दोरी त्याच्या हातात दिली, तर कार्टं जे सुटलं ते थेट कुंपणापर्यंत. पुढं तेच बदक त्याचं जहाज झालं. मग कोंबड्यांचं खाणं न्यायची गाडी झालं. मग…

ब्रॉन्विन : मग त्याच्यावर बसून तो शाळेत गेला.

क्लॅरी : नाही, तोवर त्यांचं भांडण झालं होतं.

ब्रॉन्विन : पॉप, आता वेगळी खेळणी मिळतात. माझ्या ताईनं पाठवलेला ट्रॅक्टर बघा. गाणी म्हणतो, रंग सांगतो, गाईसारखा हंबरतो. ऐका, तुमची नात एडी कशी रमलीय पलीकडच्या खोलीत.

क्लॅरी : ट्रॅक्टर रमलाय. सगळं तोच करतो, पोरीनं काय करायचं? टाळ्या वाजवायच्या? बदकाचं तसं नाही. पोर चाललं तर चाक फिरणार, चाक फिरलं तर लाकडी पाय पोटावर आपटणार. टक्-टक्, टक्-टक्. पोर थांबलं की बदक गप्प. असलं खेळणं वर्षानुवर्षं पुरतं. दरीतला लायरबर्ड पक्षी ऐकेल त्याची हुबेहूब नक्कल करतो ना, त्यानंसुद्धा उचलला होता तो आवाज, रीस लहान असताना.

ब्रॉन्विन : झाला सुरू तुमचा नकल्या.

क्लॅरी : हसू नकोस. माझ्या करवतीचा आवाज असा काढायचा, की एकदा जंगलखात्याचा माणूस दंडाची पावती घेऊन दारात. मी म्हटलं, साहेब, झाडं मी नाही, त्या पक्ष्यानं तोडली. साहेब दरीत उतरला, तर नकल्यानं त्याच्याच जीपचा हॉर्न वाजवून दाखवला.

ब्रॉन्विन : मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही ऐकला नाही तुमचा नकल्या.

क्लॅरी : लाजतो तुला.

ब्रॉन्विन : असू दे. बदक द्या इकडं.

क्लॅरी : माझ्याकडं कुठाय?

ब्रॉन्विन : मघाशी मी खोक्यात वरच ठेवलं होतं. लपवलंत ना?

क्लॅरी : मर्लची शपथ, हात लावला नाही.

ब्रॉन्विन : मेलेल्या बायकोची शपथ तुम्ही त्या दहा फुटी ईलमाशाच्या वेळीही घेतली होती. एडी! राणी, बदक नेलंस का गं?… एडी?

क्लॅरी : ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू येत नसेल. जा, बघ.

ब्रॉन्विन : पॉप.

क्लॅरी : काय?

ब्रॉन्विन : खोलीत नाहीये. ट्रॅक्टर एकटाच गातोय.

क्लॅरी : न्हाणीघरात बघ. पलंगाखाली बघ. मी मागं बघतो… ब्रॉन, मागचं दार उघडं आहे.

ब्रॉन्विन : उघडं? तिचे बूट?

क्लॅरी : बूट इथंच आहेत.

ब्रॉन्विन : देवा! ह्या थंडीत अनवाणी! एडी! एडीऽ! काही दिसत नाही हो, हाताची बोटं दिसत नाहीत. एडीऽऽ!

क्लॅरी : ओरडू नकोस. थांब. कान दे. तिच्याकडं बदक आहे, चालत असेल तर वाजेलच.

ब्रॉन्विन : थांबू कशी? पलीकडं तळं आहे, पॉप!

क्लॅरी : ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो, दोन क्षण गप्प राहा.

ब्रॉन्विन : …वाजलं! ऐकलंत? खालून, दरीतून! टक्-टक्, टक्-टक्. नेचाच्या झाडांत शिरलीय. एडी, हलू नकोस, आले मी!

क्लॅरी : ब्रॉन, नको! तिकडं नाही!

ब्रॉन्विन : हात सोडा माझा.

क्लॅरी : ते आपलं बदक नाही. तो नकल्या आहे.

ब्रॉन्विन : आत्ता? आत्ता गोष्टी सांगताय? माझी लेक धुक्यात हरवलीय आणि तुम्ही मला पक्ष्याची गोष्ट सांगताय!

क्लॅरी : गोष्ट नाही, पोरी. दरीत उतरायला आणि चढायला अर्धा तास जातो. तेवढ्यात ती तळ्यावर…

ब्रॉन्विन : मग तो आवाज काय माझ्या डोक्यात वाजतोय? ऐका! आत्तासुद्धा!

क्लॅरी : ऐकतोय. तूही ऐक. मी आयुष्यभर तुम्हाला बनवत आलो, मला मान्य. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. नुसतं ऐक. कसं वाजतंय?

ब्रॉन्विन : टक्-टक्. टक्-टक्. काय फरक पडतो?

क्लॅरी : दोन पायांचा आवाज आहे तो. मंगळवारपासून तू माझ्या मागं लागलीस, तो पाय मी बसवला का?

ब्रॉन्विन : …नाही.

क्लॅरी : मग हा दुसरा पाय कुणाचा? नकल्याला रीसच्या वेळचं बदक पाठ आहे, धडधाकट. किंवा त्याच्या बापानं त्याला शिकवलं असेल, मला काय ठाऊक. आपलं बदक आता लंगडं आहे. एक टक् आणि मग नुसतं चाक. तो आवाज शोध.

ब्रॉन्विन : मला काहीच ऐकू येत नाही. माझंच काळीज धडधडतंय.

क्लॅरी : श्वास रोखून धर. तोंड उघडं ठेव, म्हणजे नीट ऐकू येतं.

ब्रॉन्विन : …टक्.

क्लॅरी : हं.

ब्रॉन्विन : …टक्. पॉप, तळ्याकडून. तळ्याकडून येतोय!

क्लॅरी : पळ! माझं कंबरडं पळू देत नाही, तू पळ. कुंपणाचा खांब हाताला लागला की डावीकडं वळ. आणि बोलत राहा, म्हणजे मला कळेल कुठं आहेस!

ब्रॉन्विन : खांब लागला! वळले! गवतावर दव गोठलंय, पाय सरकताहेत!

क्लॅरी : वाजतंय का?

ब्रॉन्विन : हो… टक्… आता नाही. पॉप, थांबलं!

क्लॅरी : थांबली असेल. दगड उचलत असेल. तिला दगड आवडतात.

ब्रॉन्विन : परत वाजत नाहीये. पॉप, मला एकटीला… बोला ना काहीतरी! खोटं बोला, पण बोला!

क्लॅरी : …सुचत नाहीये गं मला.

ब्रॉन्विन : एडी…! पॉप. दिसली.

क्लॅरी : कुठं?

ब्रॉन्विन : तळ्याच्या कुंपणाच्या आत. तारेखालून गेलीय. पाण्याच्या कडेला, उतारावर. तिची पाठ आहे माझ्याकडं.

क्लॅरी : ओरडू नकोस! दचकली तर घसरेल. बदक कुठाय?

ब्रॉन्विन : तारेत अडकलंय, बाहेरच्या बाजूला. दोरी ताणलीय. दुसरं टोक तिच्या मुठीत आहे, तेवढ्यावरच तोललीय ती. सोडली तर थेट पाण्यात, पॉप.

क्लॅरी : नाही सोडणार. बापानं नाही सोडली कधी. तिला काम सांग. बदकाला धर म्हणावं.

ब्रॉन्विन : एडी. राणी. आई आलीय. बदकाला घट्ट धर हं. आई तारेखालून येतेय. अजून घट्ट. अशी. ओढ त्याला. ओढ… धरली! पॉप, धरली! धरली हो!

एडी : आई, बदक अलकलं.

ब्रॉन्विन : हो गं माझे राणी, अडकलं. बरं झालं अडकलं.

क्लॅरी : पाणी लागलंय का तिला?

ब्रॉन्विन : नुसते पाय. बर्फ झालेत. आलात? द्या तो कोट.

क्लॅरी : घे. टोपीही घे. माझे मोजे काढू का?

ब्रॉन्विन : तुमच्या मोज्यांनी नवीन दुखणं होईल तिला.

एडी : पॉप ललतो.

क्लॅरी : रडत नाही गं. धुकं आहे ते, डोळ्यात गेलं. आमच्या इकडचं धुकं खारट असतं, तुझ्या बापाला विचार, आम्ही त्यावर मटण टिकवायचो.

ब्रॉन्विन : सुचलं म्हणायचं.

क्लॅरी : आण ते बदक. तारेतून अलगद काढतो. घरी गेलो की पहिलं काम, सरस. आज कसलीही सबब नाही. खोक्यात टाकायचं म्हणालीस ना तू, तर निदान दोन पायांचं तरी…

ब्रॉन्विन : खोक्यात ट्रॅक्टर जाईल.

क्लॅरी : तरी पाय बसवतोच. तुझा हुकूम आहे, मंगळवारपासूनचा. थांब… ऐकलंस? खाली दरीत. अजून चाललंय त्याचं. टक्-टक्, टक्-टक्.

ब्रॉन्विन : ऐकलं.

क्लॅरी : मग? आता तरी पटला नकल्या?

ब्रॉन्विन : पॉप.

क्लॅरी : काय गं?

ब्रॉन्विन : तो दुसरा पाय तुटलेलाच राहू द्या.