नवी डबी

विसराळूपणाच्या डॉक्टरांकडे नवऱ्याला घेऊन आलेल्या शिंपीणबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावरच्या बापलेकीचं बोलणं कानावर पडलं, तसे त्यांनी कान टवकारले.

“तू कामाला कुठे असतेस, बाळ?”

“मघाशीच सांगितलं ना, बाबा. प्रयोगशाळेत. उंदरांवर काम करते.”

“पकडतेस?”

“सांभाळते! मेंदूतल्या पेशींची उस्तवार करणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्यांच्यातलं एक प्रथिन वाढवलं, की आमच्या उंदरांच्या जास्त लक्षात राहतं.”

“म्हणजे राबायचं त्यांनी आणि मिरवायचं दुसऱ्यांनी. तुझ्या आईसारखं.”

“अगदी!”

“पण उंदराला आठवतंय, हे तुला कळतं कसं?”

“आज त्याच्यापुढे दोन सारख्या डब्या ठेवायच्या. उद्या त्यातली एक बदलायची. जुनी आठवत असेल, तर तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. थेट नवीकडे धावतो.”

“हुशार आहे लेकाचा.”

म्हातारबा लेकीकडे टक लावून बघत राहिले.

“काय झालं, बाबा?”

“चष्मा बदललास?”

“कालच. आधीचा कसा होता, बाबा?”

“गोल. पार घुबड दिसायचीस त्यात.”

“घुबड म्हणालात? पुन्हा म्हणा ना, बाबा. मोठ्याने म्हणा!”