बायजाक्काचं बियाचं रोप

ऐका रं. त्या तंबाखूच्या पुड्या आधी खाली ठेवा. तंबाखूचीच गोष्ट हाय, आन् सांगताना अजून माझं टाळकं फिरतं.

बायजाक्का, आपल्या शेवंताची आई. तिच्या परसात जुनी घोडकानी तंबाखू व्हायची. पान घोड्याच्या कानागत, हे एवढं! सगळ्या रोपांचं शेंडं नखानं खुडायची, म्हंजे पान पोसतंय. एकच रोप तसंच सोडायची, फुलाय, बियाला. बी कसलं, धुरळाच! म्हणून राखंत कालवून द्यायची. मागाय आलेल्याला आधी इचारायची, "राख आणलीस का रं?" कुणाला न्हाई म्हणली न्हाई. कुणालाच! म्हणून आपण गाढवांनी घरात बी राखलंच न्हाई.

म्हातारी गेली. ओढ्याकाठी जाळली. बियाचं रोप तेवढं शेवंतानं जपलं.

तर ह्या संतू मगदुमानं काय करावं? मागावं का न्हाई? दिलं असतं की तिनं! पण न्हाई. दुसऱ्या कुणाकडं ऱ्हाऊ नये म्हणून अंधार पडल्यावर परसात शिरला, सगळी बोंडं ओरबाडली. एक ठेवलं न्हाई हलकटानं! डोक्याचा पटका सोडून त्यात बांधली आन् ओढ्याच्या वाटंनं मळ्याकडं निघाला.

ओढ्यात उतरला, तवर मागनं आवाज. "राख आणलीस का रं?"

तरी गाठोडं सोडलं न्हाई. असला हावरट!

"न्हाई आणलीस? घे माझी."

खांद्यावरनं हात आला की पुढं! लांबच लांब, कोपर दिसंना. मुठीत राख. म्हातारीला जाळून तीन महिनं झालं हुतं, आन् राख गरम!

संतू पळाला. पळतोय, पळतोय, आन् कानाशी बोलणं, "ह्याचा शेंडा ऱ्हायला की खुडायचा." उघड्या टाळूवर दोन नखं टेकली! अंगठा आन् बोट. रोपाला लावतो तशी!

बोंबलला! गाठोडं पाण्यात फेकलं आन् पल्याड जाऊन पडला. तो वाचला. बी वाहून गेलं. गावची घोडकानी त्या राती संपली. शेवंता रिकाम्या परसात बसून रडली, ते मी बघितलंय.

त्या वाटंनं रातचं जाऊ नगा. म्हातारी राख घेऊन अजून हुबी हाय.

खोटं वाटतंय? ए संतू, खांबाआड काय बसलास? काढ पटका. वीस वर्सांत तिथं केस उगवला का, दाव पोरांना. काढ म्हणतो न्हवं!